पतीला ॲटॅक येऊन गेला, आता बायकोची भीती कशी उतरणार?

ताई, तुमच्या प्रश्नातले मला काय समजले ते आधी सांगते. मिस्टर 56 वर्षांचे. मार्चमध्ये एका रात्री छातीवर दाब आला, 'गॅस झालाय' म्हणत त्यांनी बराच वेळ काढला, मग दरदरून घाम फुटला. शेजाऱ्यांच्या गाडीतून आरोग्य केंद्र गाठले, तिथे ईसीजी आणि इंजेक्शन, मग 108 मधून बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज. ॲन्जिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. आता चार महिने होत आले आणि डॉक्टर म्हणतात सगळे ठीक आहे. तुम्ही मात्र रात्री उठून उठून त्यांच्या नाकापुढे हात धरून बघता. न्हाणीघराला आतून कडी लावू देत नाही. कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, पाऊल टाकू देत नाही, त्यात तिथे ते चोरून सिगारेट ओढतात असा संशय. ते चिडतात, नाहीतर दिवसभर गप्प बसतात, परवा टीव्ही बघताना एकदम रडले. पुण्याची मुलगी सारखी फोन करते. चतुर्थी तोंडावर आली आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता सांगावे तसे, लिहिलेत की तेव्हापासून एकाच खोलीत पण वेगळ्या खाटांवर झोपता आणि त्याबद्दल डॉक्टरांना विचारायची लाज वाटली.

तुम्ही विचारलेत, 'मी अति करते आहे का?' मला अडचण दुसरीकडेच दिसते. त्यांच्या हृदयाला आज किती झेपते, हे तुम्हाला कोणी दाखवलेलेच नाही. 'सगळे ठीक आहे' हे वाक्य तुमच्या कानावर पडले, पण त्या रात्री डोळ्यांनी जे पाहिले त्याच्यापुढे ते टिकत नाही. आणि किती झेपते हे ठाऊक नसलेले माणूस प्रत्येक गोष्टीला 'नको' म्हणणार, त्यात नवल काय?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हृदयाच्या रुग्णांना पुन्हा चालते-फिरते, कामाला लागते करणे, ज्याला कार्डिॲक रिहॅब म्हणतात, तेच माझे काम. रुग्णासोबत त्यांच्या बायका येतात, कधी नवरे येतात, आणि बाहेरच्या बाकावर बसतात. पुष्कळदा आतल्या माणसापेक्षा बाकावरचे माणूस जास्त घाबरलेले असते. त्यालाही कारण आहे. ॲटॅक आलेल्याला त्या रात्रीचे तुटक तुटक आठवते. दुखणे, इंजेक्शन, छताचे दिवे. तुम्ही तर सगळे बाहेरून पाहिलेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि त्यात तुमच्या हातात करण्यासारखे काहीच नव्हते. पुढे घरी सोडताना पथ्य, गोळ्या, तारखा हे सगळे त्यांना सांगितले गेले. तुमच्या हातात फाईल आली. तुम्हाला काय झाले हे कोणी विचारले नाही.

आता एक अट. खाली जे सांगते ते सगळ्यांना सारखे लागू होत नाही. फाईलमध्ये टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद असेल, त्यावर 'ईएफ' असे लिहून पुढे आकडा असेल. आपल्याकडे लोक त्याला 'पंपिंग' म्हणतात. साधारण 55 च्या वर असेल तर पंपिंग चांगले. 40 ते 50 च्या दरम्यान असेल तर मी सांगते ते बहुतेक लागू पडते, पण सावकाश. 40 किंवा त्याहून कमी असेल तर गोष्ट वेगळी: मग रोज सकाळी वजन करणे, पायांवर सूज येते का बघणे, पाणी किती प्यायचे हे डॉक्टरांना विचारणे हे सगळे त्यात येते, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवावे लागते. काही महिने औषधे घेऊनही आकडा 35 च्या वर चढलाच नाही, तर डॉक्टर छातीत बसवायच्या, ठोके जीवघेणे बिघडले तर झटका देऊन सावरणाऱ्या एका यंत्राबद्दल, आयसीडीबद्दल, बोलतात. म्हणून पहिली गोष्ट, तो आकडा शोधा. दुसरी गोष्ट, बाकीच्या नळ्यांमध्ये कुठे ब्लॉक शिल्लक ठेवला आहे का ते विचारा. एखादा ब्लॉक औषधांवर ठेवलेला असेल तर व्यायाम करता येतो, फक्त त्याची मर्यादा आधी ट्रेडमिलवर बघून ठरवलेली बरी. तुमच्या लिहिण्यावरून आकडा बरा असावा असे वाटते, पण वाटण्यावर जाऊ नका.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या काही संशोधकांचा एक लहानसा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. अल्बर्ट बॅन्डुरा हे नावाजलेले मानसशास्त्रज्ञ त्यांच्यात होते. नुकताच ॲटॅक येऊन गेलेले, पण त्यात गुंतागुंत न झालेले पुरुष त्यांनी घेतले. साधारण तीन आठवड्यांनी त्यांची ट्रेडमिल टेस्ट झाली. एकूण 30 बायका होत्या. दहाजणींनी टेस्ट बघितलीच नाही. दहाजणी आत उभ्या राहून बघत होत्या. उरलेल्या दहाजणींनी बघितली आणि मग नवरा ज्या वेगाने, ज्या चढावर चालला, त्याच चढावर स्वतः तीन मिनिटे चालल्या. नवऱ्याच्या हृदयावरचा भरवसा सर्वांत जास्त वाढला तो या शेवटच्या दहाजणींचा, अगदी नवऱ्यांच्या स्वतःच्या भरवशाइतका. नुसत्या बघणाऱ्या बायकांचा तसा वाढला नाही. तीस म्हणजे फार मोठी संख्या नव्हे, हे मान्य. पण मी माझ्या कामात रोज हेच बघते, म्हणून त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. बाकावरच्या बाईला आत बोलावून ट्रेडमिलवर चढवले की दोन मिनिटांत ती धापा टाकते आणि नवऱ्याकडे वळून म्हणते, 'एवढे चाललात तुम्ही?' त्या एका वाक्यानंतर घरातले पुष्कळ काही बदलते.

म्हणून माझे सांगणे सरळ आहे. सांगून, समजावून, रिपोर्ट दाखवून तुमची भीती जाणार नाही. त्यांच्याबरोबर तुम्ही स्वतः चाललात, तर हळूहळू उतरेल. त्यांच्यावर लक्ष ठेवायला मागे मागे नव्हे, त्यांच्या बाजूने, त्यांच्याच वेगाने, त्यांच्याइतकेच.

सुरुवात कुठून करायची? चार महिने ते घरातच आहेत म्हणजे पायांची ताकद गेली असणार. सपाट रस्त्यावर सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे, एवढ्याने सुरू करा. जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या. पहिली दोन-तीन मिनिटे रमतगमत, शेवटची दोन-तीन पुन्हा रमतगमत, एकदम थांबायचे नाही. वेग किती, तर चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, गाणे मात्र म्हणता येऊ नये. बोलताना शब्द तुटायला लागले तर वेग कमी करायचा. नाडी मोजत बसू नका. त्यांना मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर ती नाडीला फार वर जाऊच देत नाही, त्यामुळे तो आकडा तुम्हाला उगाच फसवेल. तीन-चार दिवस नीट गेले की दोन-तीन मिनिटे वाढवा. असे करत करत रोज 30 मिनिटे, आठवड्यातले पाच दिवस, इथपर्यंत यायचे. फोंडा तालुक्यात सपाट रस्ता मिळणेच कठीण, हे मी जाणते. चढ आला तर वेग निम्मा करायचा, बोलणे चालू ठेवायचे. आता पावसाचे दिवस आहेत. निसरड्या वाटेवर जाण्यापेक्षा घराला राजांगण, म्हणजे मधले चौकोनी अंगण, असेल तर त्याच्या कडेने फेऱ्या मारा, नाहीतर जवळच्या देवळाच्या मंडपात. दुपारच्या उकाड्यात नको.

चालताना छातीत जडपणा आला, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबायचे, बसायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. थांबूनही त्रास गेला नाही तर काय करायचे ते पुढे सांगते.

हे पंधरा-वीस दिवस जमले की कुळागराकडे वळा. ही बंदी तुम्ही सर्वांत आधी उठवावी असे मला वाटते, कारण ज्या माणसाचे आयुष्य माडा-पोफळींत गेले त्याला सोप्यावर बसवून ठेवले तर तो गप्पच होणार. पण सगळे एकदम नको. आधी नुसते फिरून येणे, तुमच्यासोबत. मग पडलेली सुपारी वेचणे, रोपे बघणे, पावसाळ्यानंतर पाणी फिरवणे. त्यानंतर हलके खुरपे. माडावर चढणे, ओल्या नारळांची पोती उचलणे, दात-ओठ खाऊन श्वास रोखून करायची कामे डॉक्टरांनी स्पष्ट 'हो' म्हणेपर्यंत नाहीत. नारळ काढणारा पाडेली आहेच, त्याला बोलवा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून वजन उचलणे हे चालण्यापेक्षा वेगळे धरायचे.

आता रात्र. ॲटॅक रात्री आला, म्हणून तुमचे मन रात्री पहारा देते. पण ताई, नाकापुढे हात धरल्याने ॲटॅक थांबत नाही. त्यांना वाचवणारी गोष्ट सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांत आहे. स्टेंट बसवल्यावर त्यात गुठळी होण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो, मग तो कमी होत जातो, आणि कमी होतो तो रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या न चुकवता घेतल्या तर. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. अशा ॲटॅकनंतर ही जोडी बहुतेकांना वर्षभर देतात. दात काढायचा असो, कोणी वैद्य सांगो, शेजारीण अर्जुनाची साल आणून देवो, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली एकही गोळी बंद होता कामा नये. तुमच्या पहाऱ्यातली सगळी ताकद इथे लावा. आठवड्याचा गोळ्यांचा डबा रविवारी दोघांनी मिळून भरा, आणि औषध संपायच्या आठ दिवस आधी नवे आणून ठेवा.

रात्रीच्या पहाऱ्यातली एक गोष्ट मात्र कामाची आहे. तुम्ही इतक्या रात्री त्यांचा श्वास ऐकला आहे. मोठ्याने घोरता घोरता श्वास दहा-पंधरा सेकंद बंद पडतो आणि मग गुदमरल्यासारखे होऊन पुन्हा सुरू होतो, असे वारंवार दिसले आहे का? असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, त्याचा हृदयाशी संबंध आहे आणि त्यावर उपचार आहेत. आडवे झाल्यावर धाप लागून उठून बसावे लागत असेल, तर तेही लगेच सांगायचे. टिकाग्रेलॉर चालू असेल तर काहींना त्या गोळीनेच मधूनमधून श्वास कमी पडल्यासारखे वाटते; घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टर ती बदलून देऊ शकतात. यातले काहीच नसेल, तर उठून बघणे एकेक रात्र कमी करत जा. आधी ठरवा, रात्री एकदाच उठेन. मग पहाटेपर्यंत नाही. पहिल्या काही रात्री छाती धडधडेल, ते सहन करावे लागते, त्याला सोपा पर्याय मला सापडलेला नाही.

न्हाणीघराची कडी लावायची नाही, आणि तुम्हीही बाहेरून हाक मारायची नाही, एवढ्यावर दोघांनी तडजोड करा. फार कढत पाणी नको आणि आंघोळीच्या पाटावरून एकदम उठणे नको, कारण बीपीच्या गोळ्यांनी उठताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते.

इथवरचे थोडक्यात असे: पंपिंगचा आकडा आणि उरलेले ब्लॉक समजून घ्या, रोज बरोबर चाला, कुळागर पायरीपायरीने मोकळे करा, पहारा श्वासावरून काढून गोळ्यांवर न्या. आता तुमच्या दोघांमधल्या गोष्टीकडे येते.

'बरे वाटते ना? दुखत नाही ना? दमलात का?' दिवसभर हे ऐकणाऱ्या माणसाला तीनच वाटा उरतात, चिडणे, गप्प बसणे किंवा लपवणे. लपवणे यात सर्वांत धोक्याचे. म्हणून मी जोडप्यांना एक करार करायला सांगते. दिवसातून एकदाच विचारायचे, वेळ ठरलेली, समजा संध्याकाळच्या चहाला. त्या वेळी त्यांनी खरे सांगायचे, बारीकसारीक असले तरी. एरवी तुम्ही विचारायचे नाही, आणि काही झाले तर त्यांनी विचारायची वाट न बघता सांगायचे. करार मोडला तर भांडायचे नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचा. पुण्याच्या मुलीलाही यात घ्या. रोज रात्री एक फोन, बाबांशी, आणि त्यात तब्येतीखेरीज दुसरे बोलायचे. तिची काळजी तुमच्या काळजीला खतपाणी घालते, हे तिला प्रेमाने सांगा. तिला खरेच काही करायचे असेल तर औषधांच्या तारखा आणि तपासण्यांचा हिशेब तिच्याकडे सोपवा.

सिगारेटच्या बाबतीत मात्र मी तडजोड सांगणार नाही. स्टेंट बसलेल्या माणसाने ओढलेली एक सिगारेटही जास्तच आहे. पण चोरून पकडणे, खिसे तपासणे याने ती सुटत नाही, फक्त जागा बदलते. कुळागरात बंदी घातलीत तर ते दुसरीकडे जाऊन ओढतील. समोर बसून विचारा: 'ओढता का? सोडायला मदत हवी का?' निकोटिनच्या गोळ्या, च्युइंग गम यांच्याबद्दल डॉक्टरांना विचारा. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन आहे, तिथे समुपदेशक बोलतात. सोडल्यावर वर्षभरात सिगारेटमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, हे त्यांना सांगा. भीती घालण्यापेक्षा हे सांगणे जास्त कामाला येते, असा माझा अनुभव.

त्यांच्या रडण्याने तुम्ही घाबरू नका, पण ते सोडूनही देऊ नका. ॲटॅकनंतर साधारण पाचांपैकी एकाला खरेखुरे नैराश्य येते, आणि त्यावर उपचार झाला नाही तर गोळ्या चुकतात, चालणे सुटते, हृदयाचेही नुकसान होते. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, कशात रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, 'आता माझा काय उपयोग' असे बोलणे, हे दिसले तर सांगायलाच हवे. जगणे नको असे बोलले तर त्याच दिवशी. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. फोनवर बोलायचे असेल तर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. आपल्या गोव्यातलीच एक गोष्ट सांगते. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर एक उपचार करून बघितला गेला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक होते. पद्धतीचा गाभा असा की मन बरे होण्याची वाट बघत बसायचे नाही. माणसाला अर्थ वाटणारी छोटी छोटी कामे आधी सुरू करायची, मन मागाहून येते. नेहमीच्या उपचारांना जोड दिल्यावर लोकांना त्याचा फायदा झाला. म्हणून मी सुरुवातीला कुळागराबद्दल एवढे बोलले.

आता वेगळ्या खाटा. हे विचारायला लाज वाटली, पण विचारलेत हे फार चांगले केलेत. बहुतेकजण विचारतच नाहीत आणि अंतर वाढत जाते. जवळ झोपायला, हात धरायला तर पहिल्या दिवसापासून कसलीच आडकाठी नव्हती. शरीरसंबंधाबद्दल म्हणाल, तर साधा अंदाज असा: दोन जिने नेहमीच्या वेगाने चढून छातीत दुखले नाही, फार धाप लागली नाही, तर नेहमीच्या जोडीदाराबरोबर, आपल्या घरात, तेवढा श्रम हृदयाला झेपतो. त्या वेळी हृदय बंद पडणे फार दुर्मिळ आहे. जड जेवणानंतर किंवा दारू घेऊन नको. इच्छा कमी झाली असेल, जमत नसेल, तर त्याला भीती, उदासी, काही गोळ्या अशी बरीच कारणे असतात, आणि डॉक्टरांना सांगितले तर मार्ग निघतो. स्वतःहून दुकानातून सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलसारखी गोळी मात्र कधीही आणायची नाही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेट या गोळीबरोबर ती पडली तर रक्तदाब इतका कोसळतो की जीवावर बेतते. हे त्यांनाही ठाऊक असले पाहिजे.

जेवणाबद्दल तुम्ही विचारले नाहीत, तरी एवढेच: त्यांचे पथ्याचे वेगळे भांडे मांडू नका, तेच सगळ्यांनी जेवायचे. ताजे नुस्ते, म्हणजे मासे, खुशाल खा. बांगडा-तारली हृदयाला चांगलीच. फक्त रव्यात घोळवून तळण्याऐवजी हुमणात (माशांच्या कढीत) किंवा कमी तेलावर. सुके बांगडे, सुक्या मासळीची किसमूर, खारे, पापड, लोणची यांत मीठ फार. दिवसाचे सगळे मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचाभर. नारळ एकदम बंद करायची गरज नाही, हात आवरा. डायबिटीस असेल तर भात किती हे वेगळे बघावे लागेल.

चतुर्थी करा. मनापासून करा. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला शिडीवर चढणे आणि मूर्ती उचलून नेणे यंदा पुतण्या-भाच्यांकडे द्या, पण काय कुठे टांगायचे हे ते खुर्चीत बसून सांगू देत. आरतीला घुमट वाजवायची हौस असेल तर बसून वाजवू देत, दम लागला की दुसऱ्याच्या हाती द्यायचे. उपवास असेल त्या दिवशीही गोळ्या घ्यायच्याच. नेवरी (करंजी) एखादी चालेल. जागरण नको. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या रात्रीची गोष्ट पहिल्यापासून सांगायची सक्ती नाही. 'आता बरे आहेत' एवढे उत्तर पुरेसे आहे. नातेवाईक बोलतात तसे बोलू द्या.

पुन्हा तसे झालेच तर? हा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण तो तुमच्या प्रत्येक ओळीमागे आहे. त्याला उत्तर हवे. टोचल्यासारखे क्षणभर दुखले, बोट ठेवून जागा दाखवता येते, दाबल्यावर वाढते, असे दुखणे बहुधा हृदयाचे नसते. छातीवर जडपणा, आवळल्यासारखे, काही मिनिटे टिकणारे, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारे, सोबत घाम किंवा धाप, हे हृदयाचे धरायचे. डायबिटीस असेल तर दुखणे नसतेही. नुसता घाम, धाप, एकाएकी गळून जाणे. तेव्हा 'गॅस' हा शब्द घरातून हद्दपार करा. त्यांना आधी बसवा, डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर सॉर्बिट्रेट जिभेखाली द्या, आणि पाच मिनिटांत उतरले नाही तर 108. पुन्हा शेजाऱ्यांची गाडी शोधत बसू नका. रुग्णवाहिकेत उपचार सुरू करता येतात, आणि हार्ट ॲटॅकच्या रुग्णांसाठीच्या स्टेमी गोवा या सरकारी योजनेमुळे जवळच्या आरोग्य केंद्रातला ईसीजी बांबोळीच्या डॉक्टरांपर्यंत लगेच पोचतो. डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची यादी आणि शेवटच्या ईसीजीचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये असू द्या. जुना ईसीजी समोर असला की नव्यातला बदल चटकन ओळखता येतो. आणखी एक, शौचाला डांबरासारखे काळे झाले तर तेही त्याच दिवशी दाखवायचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

आणि सीपीआर शिका. तुम्ही, शेजारी, चतुर्थीला आल्यावर मुलगीही. माणूस कोसळला, हाकेला ओ नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके, तर 108 ला फोन करून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायचे, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. पुतळ्यावर एकदा हात बसला की आठवणीत राहते. शिकलेल्या बायका मला सांगतात की त्यानंतर झोप लागायला लागली. त्या रात्री तुमच्या हातात काही नव्हते. आता काहीतरी असेल.

तुमच्या स्वतःबद्दल तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. शेवटचे बीपी कधी बघितले? साखर? चार महिने तुटक झोप आणि धास्ती यांचा परिणाम शरीरावर होतोच. मिस्टरांच्या पुढच्या तारखेला तुमचेही तपासून घ्या. ती रात्र पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येते, ॲम्ब्युलन्सचा आवाज ऐकून हातपाय गार पडतात, असे होत असेल आणि चालायला लागून महिना झाला तरी कमी होत नसेल, तर मघाशी सांगितलेली मदत तुमच्यासाठीही आहे. त्यांच्यामागे उभे राहून नव्हे, स्वतःच्या नावाने केसपेपर काढून.

पुढच्या भेटीला त्यांच्याबरोबर आत जा, बाहेर बसू नका. हे पाच प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या, कारण आत गेल्यावर सगळे विसरते: पंपिंग किती, ब्लॉक शिल्लक आहे का, दोन गोळ्यांची जोडी कोणत्या महिन्यापर्यंत, ट्रेडमिल टेस्ट करून किती काम झेपते ते सांगाल का, आणि ती टेस्ट होताना मी आत थांबू का. शेवटच्याला डॉक्टर 'हो' म्हणाले तर पायात चपलेऐवजी बूट घालून जा, आणि टेस्ट संपल्यावर तिथल्या माणसाला सांगा की मलाही दोन मिनिटे चालून बघायचे आहे.